विस्तवाकडचं टोक

ओठाला धग लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की सिगार मी उलटी धरली आहे. पेटलेलं टोक माझ्याकडे होतं आणि थुंकीनं ओलं झालेलं टोक मॅनेजरसाहेबांकडे. माझं तोंड उघडलेलं होतं, जीभ मागे ओढून घेतलेली होती, ओठ ओले केलेले होते. म्हणजे सगळी तयारी झालेली होती आणि मला त्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं, हात आपला आपण निघाला होता. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, याच आठवड्यात गिरणीचा वीव्हिंग मास्तर झालेला, इस्त्रीची पँट घालून साहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसतो आणि सरळ विस्तव तोंडात घालायला जातो. साहेब त्या वेळी पडलेली काडेपेटी उचलायला वाकले होते. डॉक्टर चष्मा पुसत होते. पाहिलं ते फक्त श्रीमंतनं. श्रीमंत हा बंगल्यावरचा म्हातारा गडी, केम गावचा, तिथली शेती धाकट्या भावावर टाकून इथे चहा करायला आलेला. ट्रे ठेवता ठेवता तो माझ्या कानाशी म्हणाला, "उलटी धरलीया की तुमी. भाजंल न्हवं का तोंड." मी सिगार फिरवली आणि हसल्यासारखं केलं. तो गेला, पण दारातून त्यानं पुन्हा एकदा वळून माझ्याकडे पाहिलं.

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा नुकतीच उठली होती. चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी, रविवारची दुपार, चार वाजलेले. साहेब स्वित्झर्लंडला नवे माग बघायला जाऊन आले होते, आणि येताना मागांच्या चित्रांची पुस्तकं आणि एक लाकडी डबी घेऊन आले होते. डबीत बारा सिगारी. जुन्या गुळाच्या ढेपेसारख्या काळपट, अंगठ्याएवढ्या जाड, हाताला किंचित तेलकट. "येमुल, आता तुम्ही मास्तर," साहेब म्हणाले, "मास्तरानं एक तरी चांगली सिगार ओढलेली असावी." मग त्यांनी शिकवणी घेतली. आधी न पेटवता हुंगायची. कानाजवळ धरून दोन बोटांत दाबायची, कुरकुर ऐकायची. ज्योतीला टेकवायची नाही, वर धरून फिरवत पेटवायची. धूर बिडीसारखा छातीत ओढायचा नाही, तोंडात खेळवून सोडून द्यायचा. "कापड तपासता ना तशी तपासा. घाई नको. संपली की निकाल द्या." गंमत अशी की कापडाच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही. ठाणावरून नुसता तळवा फिरवला तरी कुठे धागा तुटून गाठ मारलीय ते मला कळतं. म्हणून साहेबांना वाटलं असणार की याचं तोंडही तसंच असेल. सिद्धलिंगप्पा डॉक्टर म्हणाले, चॉकलेटचा वास येतोय. गिरणीच्या दवाखान्यात वीस वर्षं काढलेला हा माणूस, कामगार त्यांना मागे हसतात, कारण ते कुठलीही गोष्ट दोनदा विचारतात. ताप आहे का, नक्की ताप आहे का. जेवलास का, नक्की जेवलास का. साहेब म्हणाले, "चॉकलेट नाही, कॉफी. आणि मागून थोडं चामडं." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कडक आहे." ते हसले, आणि मी सुटलो.

कडक होतीच. पण मला चॉकलेट लागत नव्हतं आणि कॉफीही लागत नव्हती. मला खळीचा वास येत होता. भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत पितळी पातेल्यात शिजणारी तांदळाची खळ, किंचित आंबलेली, तिच्यात बुडवून काढलेलं सूत, जमिनीत खणलेल्या खड्ड्यातल्या मागाची ओली माती, दिव्याचं रॉकेल आणि या सगळ्यांवर पसरलेला चुट्ट्याचा धूर. चुट्टा म्हणजे आमच्या तेलुगू लोकांची घरची सिगारच, फक्त तिला डबी नाही आणि शिकवणीही नाही. करीमनगरकडून येणारे पाहुणे काळी तंबाखूची पानं बांधून आणत, अम्मा, माझी आई, ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवी आणि मांडीवर वळी. मी डोळे मिटले. साहेबांना वाटलं असेल, गडी रंगला. धूर जिभेवरून मागे सरकला आणि टाळ्याला चिकटला, आणि मला आमचा उंबरा दिसला, त्याच्यावरचं मधोमध झिजलेलं खोलगट लाकूड दिसलं, बाहेर गल्लीभर ताणलेला ताणा दिसला. पाजणीच्या दिवशी पहाटेपासून गल्ली आमची असे. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचे धागे पसरायचे, त्यांना खळ लावायची, दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत धावायचं, ऊन तापायच्या आत सगळं वाळवून गुंडाळायचं. सायकलवाले उतरून कडेकडेनं जात. कुणी कुरकुर करत नसे. इतकी मोकळी गल्ली मला पुन्हा कुठे भेटली नाही.

माझे वडील मी बारा वर्षांचा असताना गेले. आमच्यात बायका कांड्या भरतात, मागावर पुरुष बसतात. अम्मा, म्हणजे शांतम्मा, तेराव्यानंतर चौथ्या दिवशी खड्ड्यात पाय सोडून मागावर बसली. शेजारच्यांनी थोडी तोंडं वाकडी केली आणि मग सवय करून घेतली. तिचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात असत, मोकळं राहायचं ते फक्त तोंड, आणि त्या तोंडात चुट्टा. उलटा, पेटलेलं टोक आत. तिच्या माहेरच्या सगळ्या बायका असाच ओढत. पुरुष बाहेर ओट्यावर बसून सरळ ओढत, कारण त्यांना ओट्यावर बसायची सवड असे. अम्माचं डोकं दिवसभर ताण्यावर वाकलेलं, एक ठिणगी पडली तर हातभर कापड जायचं, आणि सूत दुसऱ्याचं. मी एकदा विचारलं तेव्हा तिनं चुट्टा काढून सांगितलं, "निप्पु नोट्लो उंटे नूलु कालदु." विस्तव तोंडात असला की सूत जळत नाही. आणि पुन्हा तो आत सारून धोटा फेकला. तोंडात विस्तव ठेवून ती बोलू शके, मला रागावू शके, तुटलेले धागे मोजू शके. राख साचली की करवंटीत थुंकायची, पाण्याचा घोट घ्यायची, पुन्हा सुरू. लहानपणी मला खात्रीच होती की तिच्या पोटात चूल आहे आणि म्हणूनच तिला थंडी वाजत नाही.

चुट्टा पेटवून आणायचं काम माझं. आमची चूल सकाळीच विझलेली असायची, म्हणून मी तो घेऊन समोरच्या घरी जायचो, निखाऱ्यावर धरायचो आणि परत येईपर्यंत विझू नये म्हणून दोन झुरके मारायचो. पहिल्या वर्षी मला दोनदा ओकारी झाली. मग एके दिवशी, तिच्यासारखंच करावं म्हणून, मी वाटेतच तो उलटा तोंडात धरला आणि जीभ भाजून घेतली. ती रागावली नाही. माग थांबवून तिनं मला खड्ड्याच्या काठावर बसवलं आणि शिकवलं: ओठ ओले कर, जीभ मागे ने, दात मिटू नकोस, धूर आपण होऊन येतो, ओढायचा नाही. "भिऊ नको, कोडका," पोरा, ती म्हणाली, "भ्यालास की भाजतं." मुलाला विस्तव खायला शिकवणारी आई. आज कुणाला सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. पण तिच्याकडे शिकवायला तेच होतं, आणि मला ते शिकताना इतका आनंद झाला होता की त्यानंतर डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हासुद्धा तेवढा झाला नाही.

"अर्धी झाली," साहेब म्हणाले. "आता खरी चव येईल. सिगारचा शेवट म्हणजे खरी परीक्षा." ते पुन्हा नव्या मागांकडे वळले, धोटा नसलेला माग, एक माणूस सोळा माग सांभाळणार. डॉक्टर ऐकत होते आणि मधूनच माझ्याकडे पाहत होते. मी त्यांची नजर टाळली. तेरा वर्षं मी त्यांची नजर टाळत आलो आहे आणि त्यात आता मी चांगलाच तरबेज आहे. रस्त्यात दिसले तर बुटाची लेस बांधतो. घरात कुणी आजारी पडलं तर टिळक चौकातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. आज मात्र वेताच्या खुर्च्यांवर दोनच हात अंतरावर आम्ही समोरासमोर होतो आणि माझ्या तोंडात तोच वास होता.

शाळेत मला अम्माची लाज वाटायला लागली. मराठी शाळा, आणि कुणीतरी अम्माला दारातून पाहिलेलं. "याची आई विस्तू खाती," एवढंच ते म्हणत, पण रोज म्हणत. मग मी शिकलो, गिरणीत लागलो, मागाची खोली सोडून पुढे दोन खोल्या घेतल्या, लग्न केलं, माग विकला. अम्मानं माग विकू दिला, पण चुट्टा काही सोडला नाही. सूत नव्हतं, ठिणगीची भीती नव्हती, तरी ती उलटाच ओढी. मी बायकोला सांगून ठेवलं की पाहुणे आले की अम्माला मागच्या दारी बसव. ती आपण होऊन उठून जाऊ लागली. माझ्या पहिल्या मोठ्या पगारातून मी तिला वरची कवळी करून आणली. तिला नको होती. मी म्हणालो, लोक काय म्हणतील, मास्तराच्या हाताखालचा माणूस आणि आई बोळक्या तोंडाची. तिनं ती घातली आणि आरशात पाहून खूप हसली, म्हणाली, मी टाइमकीपरच्या बायकोसारखी दिसते.

एकसष्ट सालच्या पावसाळ्यात तिच्या टाळ्याला फोड आला. भरत नव्हता. मी तिला गिरणीच्या दवाखान्यात नेलं. पडद्याबाहेर रांग होती, रांगेत सगळ्यात पुढे आमच्या खात्याचा कारकून होता आणि पडदा अर्धाच ओढलेला होता. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली, पाहिलं, आणि लिहिता लिहिता विचारलं, "तंबाखू? बिडी? पान?" अम्मा माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "नाही. तसलं काही नाही आमच्या घरात." मोठ्यानं म्हणालो, पडद्याबाहेर जाईल इतपत. आणि अम्मानं, मी तिच्याकडे पाहायच्या आधीच, मान हलवली. "नाय सायेब," ती तिच्या तोडक्या मराठीत म्हणाली, "नाय, नाय." डॉक्टरांनी कवळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. ही घासतेय, म्हणाले, काढून ठेवा, भरून येईल. औषध लावायला दिलं. घरी येऊन तिनं कवळी पाण्याच्या वाटीत टाकली, आणि त्या दिवसापासून माझ्यादेखत कधी चुट्टा ओढला नाही.

ओढत होती. तिच्या लुगड्याला वास यायचा. चार महिने येत होता, आणि दवाखाना माझ्या खात्यापासून दोनशे पावलांवर होता. कुठल्याही दिवशी जेवणाच्या सुट्टीत जाऊन सांगता आलं असतं, डॉक्टर, त्या दिवशी मी खोटं बोललो, ती विस्तव आत घेऊन ओढते. रोज उद्या सांगू म्हणायचो. मग एक दिवस तिनं भात गिळता गिळता ताट सरकवलं आणि मी तिला मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नुसतं पाहूनच ओळखलं, त्यांनी आंध्रातल्या पुष्कळ बायका पाहिलेल्या होत्या. त्यांनी मला एकच विचारलं, "इतके दिवस सोलापुरात हिला तंबाखूचं कुणी विचारलंच नाही?" मी म्हणालो, "नाही विचारलं." हे दुसरं खोटं. पहिलं तरी अचानक तोंडातून गेलं होतं. हे मी विचार करून बोललो. त्यांनी सिद्धलिंगप्पा डॉक्टरांना पत्र लिहिल्याचं मला नंतर कळलं. अम्मा दिवाळीनंतर गेली. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. एकदा तिनं दोन बोटं ओठांपाशी नेली, ओढल्यासारखी, आणि माझ्याकडे पाहून हसली. तेव्हा तरी मी कुठूनतरी एक चुट्टा आणून तिच्या हातात द्यायला हवा होता. मी नर्स बघतेय का ते पाहिलं.

साहेबांना आत फोन आला. ते उठून गेले आणि व्हरांड्यात आम्ही दोघेच उरलो. श्रीमंत कप गोळा करत होता. डॉक्टरांनी त्यांची सिगार केव्हाच विझवून ठेवली होती. ते बागेकडे पाहत म्हणाले, "येमुल, तुम्ही मला टाळता. बरोबर करता." मी म्हणालो, "छे, टाळायचं काय." ते म्हणाले, "तुमच्या आईच्या वेळी माझी चूक झाली. मिरजेहून पत्र आलं होतं. अजून आहे माझ्याकडे. मी कागद काढून पाहिले, तंबाखूपुढे नाही असं लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. न विचारताच लिहिलं असणार. रांग मोठी होती त्या दिवशी. मला कितीदा वाटतं की विचारलं होतं, आवाजसुद्धा आठवतो माझा, पण माणसाचं मन आपल्या सोयीचंच आठवतं." ते थोडं हसले. "तेव्हापासून मी सगळं दोनदा विचारतो. पोरं हसतात, ठाऊक आहे मला."

मी एवढी वर्षं समजत होतो की माझ्या खोटेपणाची किंमत अम्मानं दिली आणि मी देतोय, म्हणजे ही आमच्या घरातली गोष्ट आहे. हा माणूस तेरा वर्षं रोज पन्नास रोग्यांना दोनदा विचारत होता, आणि त्याच्यावर हसणाऱ्यांत मीही होतो. तेवढ्यात साहेब परत आले, हात चोळत. "हं, मास्तर. संपत आली. निकाल?"

सिगार दोन बोटं उरली होती. म्हणजे अम्मा ज्या लांबीला चुट्टा आत घ्यायची तेवढीच. या वेळी हात आपण होऊन निघाला नाही, मीच त्याला नेलं. मी ओठ ओले केले, जीभ मागे घेतली, सिगार फिरवली आणि पेटलेलं टोक आत घेऊन ओठ मिटले. साहेब "अहो, अहो" म्हणत उठले. जीभ भाजली, म्हणजे मी भ्यालो होतो. मग धूर आपण होऊन आला, गरम आणि गोडसर, आणि टाळ्याला जाऊन टेकला, नेमका तिथेच, जिथे तिचा फोड होता. तीन झुरके झाले. मी ती बाहेर काढली आणि राख बशीत थुंकली. श्रीमंतनं पाण्याचा पेला पुढे केला.

"पान चांगलं आहे," मी साहेबांना म्हणालो. शब्द बोबडे येत होते. "माझ्या आईला आवडलं असतं. ती अशीच ओढायची. मागावर बसून, आयुष्यभर." मी डॉक्टरांकडे वळलो. "डॉक्टर, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं. तंबाखू, बिडी, पान, असं तिन्ही विचारलं होतं. मी नाही म्हणालो. बाहेर रांगेत आमच्या खात्याचा कारकून उभा होता, म्हणून. आणि तुम्ही विचारलंच नाही असं मिरजेला सांगितलं, तेही मीच."

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं उठून जातील, किंवा काहीतरी बोलतील जे मला ऐकून घ्यावंच लागेल, आणि मी ऐकायला तयार होऊन बसलो.

"मी विचारलं होतं?" ते म्हणाले.

"विचारलं होतं."

ते थोडे पुढे वाकले. आवाज अगदी खाली गेला होता.

"नक्की विचारलं होतं?"

"होय, डॉक्टर," मी म्हणालो. "नक्की विचारलं होतं."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं पुसायला घेतला, आणि किती तरी वेळ पुसत राहिले.